लुईस-क्लार्क यांची वाट आणि तिचे रखवालदार

मिसूरी ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक अत्यंत लांब आणि गढूळ पाण्याची नदी आहे. तिच्या कांठच्या लहानमोठ्या गांवांतून उन्हाळ्याच्या दिवसांत इतिहासप्रेमी मंडळींचीं संमेलनें भरत असतात. जमणाऱ्यांत विद्यापीठांतील पंडित थोडे. शेतकरी, डॉक्टर, वकील, शाळामास्तर, भूमापक, पेन्शनर असे लोकच अधिक. सकाळीं व्याख्यानें होतात. दुपारीं सर्वजण मोटारींतून नदीकांठच्या एखाद्या टेकाडावर जातात. तेथें कोणी एकजण जुन्या रोजनिशीचा छापील खंड उघडतो आणि त्या जागेसंबंधींचा मजकूर मोठ्यानें वाचूं लागतो. इतरांची नजर पुस्तकावरून समोरच्या कड्याकडे आणि कड्यावरून नदीच्या वळणाकडे फिरत राहते. लिहिणाऱ्यानें जें पाहिलें तें हेंच काय, आणि हें नसेल तर तें कोठें, या प्रश्नावर मग तासन् तास वाद चालतो.

ही मंडळी ज्या प्रवासाच्या मागावर आहेत, तो मेरिवेदर लुईस व विल्यम क्लार्क या दोन लष्करी अधिकाऱ्यांचा १८०४ ते १८०६ या काळांतील प्रवास होय. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनीं १८ जानेवारी १८०३ रोजीं कायदेमंडळाकडे एक गुप्त निवेदन पाठवून या मोहिमेसाठीं अडीच हजार डॉलर मागितले. प्रत्यक्ष खर्च पुढें त्याच्या कित्येक पटींनीं वाढला. त्याच सालीं नेपोलियनच्या फ्रान्सनें लुइझियाना हा सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा मुलूख दीड कोटि डॉलरांस विकून टाकला. जो प्रदेश नकाशावर कोरा होता, तो असा एकाएकीं आपल्या मालकीचा झाल्याचें अमेरिकन सरकारनें जाहीर केलें. त्या प्रदेशांत हजारों वर्षें वस्ती करून राहिलेल्या जमातींना या खरेदीविक्रींत कोणीं विचारलें नव्हतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे, कारण आजच्या संमेलनांतील पुष्कळशा चर्चेचें मूळ तीच आहे.

जेफरसन यांनीं २० जून १८०३ च्या पत्रांत लुईस यास सविस्तर सूचना दिल्या. मिसूरीच्या उगमाकडे जाऊन पलीकडे पॅसिफिक महासागरास मिळणाऱ्या नदीचा शोध घ्यावा, व्यापारास सोयीचा जलमार्ग आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि वाटेंतील अक्षांश, जमीन, वनस्पति, प्राणी व लोकांच्या भाषा यांची नोंद ठेवावी, असा त्यांचा आशय होता. १४ मे १८०४ रोजीं मिसूरीच्या मुखासमोरील तळावरून नावा निघाल्या. पहिला हिंवाळा मँडन व हिडाट्सा लोकांच्या शेजारीं गेला. पुढील प्रवासाला निघालेल्या कायम तुकडींत ३३ माणसें होतीं. त्यांत क्लार्कचा गुलाम यॉर्क होता. शार्बोनो नांवाचा दुभाषा, त्याची शोशोनी बायको सकागविया आणि त्या दोघांचें ११ फेब्रुवारी १८०५ रोजीं जन्मलेलें तान्हें मूलही होतें. नोव्हेंबर १८०५ मध्यें ही तुकडी पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोंचली आणि २३ सप्टेंबर १८०६ रोजीं सेंट लुईस येथें परतली. जाऊन येऊन सुमारे आठ हजार मैलांची ही मजल झाली. जो सलग जलमार्ग सांपडावा अशी जेफरसन यांची आशा होती, तो मात्र मुळांत अस्तित्वांतच नव्हता. दोन नद्यांच्यामध्यें बर्फाच्छादित पर्वतांच्या रांगा उभ्या होत्या.

या प्रवासाची आठवण इतकी ठसठशीत राहण्याचें मुख्य कारण म्हणजे त्याच्या रोजनिश्या. दोघे कप्तान तर लिहीतच. शिवाय फ्लॉइड, ऑर्डवे, गॅस व व्हाइटहाउस यांच्याही नोंदी उपलब्ध आहेत. किती मैल चाललों, नदी कोणत्या दिशेस वळली, शिकार काय मिळाली, कोण आजारी पडलें, हें सारें त्यांत आहे. क्लार्कचें शुद्धलेखन इतकें स्वैर, कीं ‘सू’ या एका जमातीचें नांव त्यानें २७ निरनिराळ्या प्रकारांनीं लिहिल्याचें सांगतात. परंतु अंतर व दिशा यांच्या बाबतींत त्याचा हात सहसा चुकत नसे. या कागदांचें प्रकाशनही टप्प्याटप्प्यानें झालें. १८१४ मध्यें निकोलस बिडल यांनीं सिद्ध केलेला वृत्तान्त निघाला. १९०४ पासून थ्वेट्स यांनीं मूळ रोजनिश्या छापल्या. आणि गॅरी मोल्टन यांच्या संपादकत्वाखालीं नेब्रास्का विद्यापीठानें १९८३ ते २००१ या काळांत १३ खंडांची चिकित्सक आवृत्ति पुरी केली. हे खंड घरोघर पोंचल्यामुळें नदीकांठच्या सामान्य वाचकालाही मूळ पुराव्याशीं भिडण्याची सोय झाली.

अशा मंडळांचा उद्योग कसा सुरू झाला, याचें चांगलें उदाहरण सार्जंट चार्ल्स फ्लॉइड याच्या थडग्याचें आहे. संपूर्ण प्रवासांत मृत्यु पावलेला हा एकटाच शिपाई. २० ऑगस्ट १८०४ रोजीं, बहुधा आंत्रपुच्छाच्या विकारानें, तो वारला. आज आयोवा संस्थानांत जेथें सू सिटी आहे, तेथील एका उंच टेकाडावर सोबत्यांनीं त्यास पुरलें. नदीनें तें टेकाड कुरतडीत आणलें, तेव्हां १८५७ मध्यें गांवकऱ्यांनीं त्याच्या अस्थि काढून मागें सुरक्षित जागीं नेल्या. पुढें ती जागाही विस्मृतींत गेली. १८९३ मध्यें फ्लॉइडची हरवलेली रोजनिशी विस्कॉन्सिन येथील कागदपत्रांत सांपडली व पुढच्याच वर्षीं ती छापली गेली. गांवांत एकदम उत्साह आला. १८९५ सालीं फ्लॉइड स्मारक मंडळ स्थापन झालें, थडगें पुन्हां शोधण्यांत आलें आणि १९०१ मध्यें तेथें १०० फूट उंचीचा दगडी स्तंभ उभा राहिला. १९६० मध्यें सरकारनें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांची नोंद सुरू केली, तेव्हां पहिला मान या स्तंभास मिळाला. एका अप्रसिद्ध सार्जंटाचें हें भाग्य त्याच्या गांवकऱ्यांच्या चिकाटीचें फळ होय.

दुसरें उदाहरण पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचें. १८०५-०६ चा हिंवाळा तुकडीनें हल्लींच्या ऑरेगन संस्थानांतील फोर्ट क्लॅटसॉप या लांकडी गढींत काढला. तेथील १०६ दिवसांपैकीं बिनपावसाचे दिवस अवघे १२. मांस कुजूं लागलें आणि जवळचें मीठ संपलें, म्हणून कांहीं शिपाई समुद्रकांठीं जाऊन जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत रात्रंदिवस खारें पाणी आटवीत बसले. ही मिठाची भट्टी नेमकी कोठें होती, याचा शोध ऑरेगन इतिहास मंडळानें १९०० सालीं घेतला. रोजनिशींत अंतर होतें, पण किनाऱ्यावर खूण दिसेना. अखेर जेनी मिशेल नांवाच्या एका वृद्ध क्लॅटसॉप स्त्रीनें घरच्या वडीलधाऱ्या माणसांकडून ऐकलेली जागा दाखविली. गोरे लोक येथें पाणी उकळीत असत, अशी आठवण तिच्या कुटुंबांत शतकभर टिकून होती. तिची साक्ष लिहून घेण्यांत आली आणि सीसाइड या गांवांतील त्या जागेचें पुढें स्मारक झालें. लेखी कागद जेथें थांबतो, तेथें तोंडी परंपरेचा आधार घ्यावा लागतो, हें त्या मंडळानें सव्वाशें वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष कृतीनें दाखविलें. मात्र हा धडा पुढें बराच काळ कोणाच्या फारसा लक्षांत राहिला नाहीं.

आधुनिक शास्त्राची मदत कशी होते, हें माँटाना संस्थानांतील ‘ट्रॅव्हलर्स रेस्ट’ या तळावरून दिसून येईल. पर्वत चढण्यापूर्वीं सप्टेंबर १८०५ मध्यें, आणि परत येतांना १८०६ च्या जून-जुलैमध्यें, असा दोनदां तुकडीचा मुक्काम या ओढ्याच्या कांठीं झाला. १९६० मध्यें सरकारी नोंद झाली, तेव्हां ओढा व नदी यांच्या संगमाजवळची जागा खरी मानण्यांत आली. रोजनिशींतील अंतरें ताडून पाहणाऱ्यांना तें पटेना; मुक्काम ओढ्याच्या बराच वरच्या अंगास असला पाहिजे, असें ते म्हणत राहिले. २००२ मध्यें उत्खनन झालें. त्या काळच्या लष्करी नियमांप्रमाणें चूल व शौचाचा चर यांच्यामध्यें ठराविक अंतर सोडावें लागे. संशोधकांनीं चुलीचे अवशेष शोधून काढले, तें अंतर मोजलें आणि चरांतील माती तपासली. तींत पाऱ्याचा अंश मिळाला. लुईसनें बरोबर नेलेल्या, फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश यांच्या जुलाबाच्या गोळ्यांत पाऱ्याचा क्षार असे, आणि आजारी शिपायांना त्या गोळ्या दिल्याचें रोजनिशी सांगते. पारा मातींत सहजासहजीं नाहींसा होत नाहीं. शिपायांच्या पोटदुखीनें अशा रीतीनें दोनशें वर्षांनंतर त्यांच्या तळाची साक्ष दिली. सरकारी नोंद मैलाहून अधिक अंतरानें चुकली होती. शंका घेणारांची चिकाटी खरी ठरली.

सर्वच ठिकाणीं असें यश येत नाहीं. फोर्ट क्लॅटसॉपची प्रतिकृति १९५५ सालीं, मोहिमेच्या दीडशेंव्या वर्षीं, स्थानिक नागरिकांनीं उभारली. क्लार्कनें आपल्या रोजनिशीच्या हरणाच्या कातड्याच्या वेष्टनावर गढीचा जो आराखडा काढला होता, तोच त्यांचा आधार. ३ ऑक्टोबर २००५ रोजीं रात्रीं ती प्रतिकृति जळून खाक झाली, आणि द्विशतसांवत्सरिक उत्सव तर अवघ्या कांहीं आठवड्यांवर आला होता. स्वयंसेवकांनीं हार न मानतां पुढच्या वर्षीं नवी गढी बांधून काढली. राखेखालची जमीन मोकळी झालेली पाहून संशोधकांनीं तेथें उत्खननही केलें; पण मूळ गढीचा निर्विवाद पुरावा हातीं लागला नाहीं. तेथील पाहुण्यांना ही गोष्ट स्पष्टपणें सांगण्यांत येते, हें त्या मंडळींना भूषणास्पद आहे.

पुष्कळ ठिकाणीं तर शोधण्यासारखें कांहीं उरलेलेंच नाहीं. मँडन लोकांशेजारचा मूळ किल्ला नदीच्या पात्रानें गिळला. फोर्ट पेक, गॅरिसन इत्यादि प्रचंड धरणांनीं मिसूरीच्या शेंकडों मैलांच्या कांठावर जलाशय पसरविले. कोलंबिया नदीवरील सेलायलो हा धबधबा, जेथें हजारों वर्षें मूळ रहिवासी सामन मासे पकडीत असत व ज्याचें वर्णन क्लार्कनें केलें आहे, तो १० मार्च १९५७ रोजीं धरणाच्या पाण्याखालीं कांहीं तासांत बुडाला. म्हणूनच माँटानांतील पांढऱ्या कड्यांचा, बराचसा अबाधित राहिलेला, नदीचा भाग या लोकांना प्राणाहून प्रिय वाटतो. १९७६ मध्यें मिसूरीच्या सुमारे १४९ मैलांच्या पट्ट्यास कायद्याचें संरक्षण मिळालें. पॉम्पीज पिलर या खडकावर क्लार्कनें २५ जुलै १८०६ रोजीं कोरलेलें स्वतःचें नांव आजही वाचतां येतें. वाटेवर जागच्या जागीं राहिलेली तुकडीची ती एकमेव ठळक खूण आहे.

या विखुरलेल्या उद्योगाला एक सूत्र लाभलें तें १९६४ नंतर. त्या सालीं कायदेमंडळानें या वाटेसंबंधीं एक आयोग नेमला. १९६९ मध्यें त्याची मुदत संपली, तेव्हां काम थांबूं नये म्हणून लुईस-क्लार्क वाटेच्या वारशाचें एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यांत आलें. त्याच्या शाखा वाटेवरील निरनिराळ्या संस्थानांतून निघाल्या. दरवर्षीं वाटेवरच्या एखाद्या नव्या गांवीं संमेलन, मधूनमधून प्रांतिक बैठका, आणि एक त्रैमासिक, असा त्याचा क्रम बसला. त्रैमासिकाचें नांव ‘आम्हीं पुढें निघालों’ अशा अर्थाचें आहे, कारण रोजनिश्यांत हें वाक्य पुनःपुन्हां येतें. १९७८ मध्यें ही वाट राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग म्हणून जाहीर झाली. २०१९ मध्यें ती पूर्वेकडे पिट्सबर्गपर्यंत वाढविण्यांत आली, तेव्हां तिची लांबी सुमारे ४,९०० मैल आणि तींत येणारीं संस्थानें १६ झालीं.

संमेलनांत वाद होतात ते केवळ जागांवरून नव्हेत. ११ ऑक्टोबर १८०९ रोजीं टेनेसींतील एका एकाकी पांथस्थगृहांत लुईस बंदुकीच्या गोळ्या लागून मरण पावला. ती आत्महत्या होती असें बहुतेक इतिहासकार मानतात. खून झाला असें म्हणणारांचा पक्षही अजून जिवंत आहे. १९९६ मध्यें तेथील प्रांतांत एक रीतसर चौकशी भरून थडगें उकरण्याची मागणी करण्यांत आली. राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें ती मान्य केली नाहीं. सकागवियेच्या बाबतींत तर नांवाच्या उच्चारापासूनच मतभेद आहेत. हिडाट्सा भाषेप्रमाणें तिचें नांव ‘पक्षिणी’ अशा अर्थाचें ठरतें व त्यांत ‘ग’ येतो. शोशोनी पक्ष ‘ज’ उच्चारून त्याचा निराळा अर्थ करतो. ती १८१२ च्या डिसेंबरांत मिसूरीकांठच्या एका ठाण्यांत वारली, या मतास समकालीन नोंदीचा व स्वतः क्लार्कच्या टिपणाचा आधार आहे. उलट, ती १८८४ पर्यंत जगली अशी श्रद्धा वायोमिंगमधील शोशोनी लोकांत आहे आणि तेथें तिच्या नांवाचें थडगेंही दाखवितात.

परंतु या सर्वांहून गंभीर प्रश्न निराळा आहे. ही आठवण कोणाची आणि ती सांगण्याचा अधिकार कोणाचा? जुन्या समारंभांतून शूर प्रवासी निर्जन रानांतून वाट काढीत आहेत, असें चित्र रंगविलें जाई. रोजनिश्याच या चित्रास साक्ष देत नाहींत. मँडन लोकांच्या मक्यावर तुकडीनें पहिला हिंवाळा काढला. शोशोनींच्या घोड्यांवांचून पर्वत ओलांडणें अशक्य होतें. सप्टेंबर १८०५ मध्यें अर्धमेल्या अवस्थेंत शिपाई वाइपी नांवाच्या माळावर उतरले, तेव्हां नेझ पर्स लोकांनीं त्यांना सामन मासे व कंद खाऊं घातले. या उपाशी परक्यांना मारून त्यांच्या बंदुका घ्याव्या, असा विचार जमातींत चालला असतां वाटकुविस नांवाच्या एका वृद्धेनें तो मोडून काढला, असें नेझ पर्स परंपरा सांगते. पूर्वीं गोऱ्या लोकांनीं तिच्यावर दया केली होती. ज्यांनीं असा आश्रय दिला, त्यांच्याशीं १८५५ मध्यें तह झाला; १८६३ मध्यें त्यांच्या राखीव भूमीचा बहुतेक भाग काढून घेण्यांत आला; आणि १८७७ मध्यें त्यांच्यापैकीं अनेकांवर अमेरिकन सैन्य घालण्यांत आलें. ब्लॅकफीट लोकांची आठवण तर आरंभापासूनच कडू आहे. २७ जुलै १८०६ रोजीं लुईसच्या टोळक्याशीं झालेल्या चकमकींत त्यांचे दोन तरुण मारले गेले.

यॉर्कची कथाही पूर्वीं अर्धीच सांगितली जाई. २४ नोव्हेंबर १८०५ रोजीं हिंवाळ्याचा मुक्काम कोठें करावा याबद्दल प्रत्येकाचें मत घेण्यांत आलें. त्यांत यॉर्कचें नांव इतरांबरोबर नोंदलें आहे व सकागवियेचीही इच्छा टिपलेली आहे. हा प्रसंग वक्ते मोठ्या अभिमानानें सांगत. १९८८ मध्यें क्लार्कनें आपल्या भावास लिहिलेलीं पत्रें लुइव्हिल येथें एका घराच्या माळ्यावर सांपडलीं आणि २००२ मध्यें तीं ग्रंथरूपानें आलीं. परत आल्यावर यॉर्कला आपल्या बायकोजवळ राहण्याची इच्छा होती. क्लार्कनें ती मानली नाहीं व त्यास मारहाणही केली, हें खुद्द क्लार्कच्याच हस्ताक्षरांत वाचावयास मिळालें. वीराची पूजा करण्यासाठीं जमलेल्या लोकांना हा मजकूर गिळणें सोपें नव्हतें. तरी तो दडपला गेला नाहीं, आणि त्यावर आतां उघडपणें बोललें जातें. २००१ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं यॉर्कला मरणोत्तर सन्माननीय सार्जंटाचा हुद्दा दिला.

२००३ ते २००६ या काळांत द्विशतसांवत्सरिक समारंभ झाले, त्या वेळीं हा पालट स्पष्ट दिसून आला. राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें वाटेनें एक फिरता तंबू नेला. त्यांत ठिकठिकाणच्या जमातींच्या वडीलधाऱ्यांनीं आपापली हकीकत आपल्या शब्दांत सांगितली. अनेक जमातींनीं समारंभास ‘उत्सव’ म्हणण्यास नकार दिला आणि स्मरण हा शब्द पसंत केला. आमच्या पूर्वजांच्या दृष्टीनें हा प्रवास नव्या दुःखांचा आरंभ होता, असें कित्येकांनीं व्यासपीठावरून सांगितलें, आणि समोरच्या खुर्च्यांवर रोजनिशीचीं पानें पाठ असलेले लोक तें ऐकत बसले. १० जुलै २०२१ रोजीं व्हर्जिनियांतील शार्लट्सव्हिल या शहरानें १९१९ मध्यें उभारलेला पुतळा हलविला. त्यांत दोघे कप्तान ताठ उभे आणि सकागविया त्यांच्या मागें खालीं वांकलेली दाखविली होती. शोशोनी लोकांनींही त्या चित्रणाबद्दल हरकत घेतली होती.

कोणी म्हणेल, अशा रीतीनें प्रत्येक गोष्ट उकरीत बसल्यास आदराला जागाच उरणार नाहीं. वस्तुस्थिति तशी दिसत नाहीं. लुईसचें निरीक्षण, क्लार्कचे नकाशे, उपाशीपोटीं बर्फांतून चाललेल्या शिपायांची सहनशक्ति, यांचें मोल कमी झालेलें नाहीं. त्यांच्या शेजारीं वाटकुविसचें औदार्य आणि यॉर्कची व्यथा येऊन बसली, एवढेंच. उलट, जी मंडळी मैलभर चुकलेल्या तळासाठीं वर्षानुवर्षें सरकारी नोंदीशीं झगडली, त्यांनीं माणसांच्या बाबतींतली चूक तशीच राहूं दिली असती, तर तो त्यांच्याच पद्धतीचा अपमान झाला असता. आज वाइपीच्या माळावर उन्हाळ्यांत निळीं फुलें येतात. त्यांचेच कंद त्या उपाशी शिपायांना मिळाले होते. तेथें उभें राहून क्लार्कची नोंद वाचणारांस ती पुरी समजावी असें वाटत असेल, तर पुस्तक मिटल्यावर त्यांनीं नेझ पर्स वृद्धांचें बोलणेंही ऐकून घेतलें पाहिजे.